गाडी स्टार्ट करताना विचित्र आवाज येतो? तो कसला, यापेक्षा कधी येतो ते आधी बघा

स्टार्टिंगच्या आवाजाचा सगळ्यात मोठा वैताग म्हणजे तो गॅरेजात येत नाही. सकाळी सातला खर्रर्र करून अख्खी सोसायटी उठवणारी गाडी दहाला गॅरेजात पोचते तोवर इंजिन तापलेलं असतं. मेकॅनिक चावी फिरवतो, गाडी एका झटक्यात चालू होते आणि तो म्हणतो, "कुठं काय? एकदम ओके आहे साहेब." मग एक तर काहीच होत नाही, नाहीतर अंदाजपंचे बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर), बेल्ट असं एकेक बदललं जातं. बिल वाढतं, आवाज जागच्या जागी.

म्हणून निम्मं निदान घरीच करून जावं. त्यासाठी दहाचा पाना, साधा डिजिटल मल्टिमीटर, मोबाइल आणि चावी फिरवायला घरातलं कुणीतरी एवढं पुरतं. आवाजाच्या वर्णनावर फार विसंबू नका. एकाला जी खडखड वाटते ती दुसऱ्याला घरघर वाटते, आणि फोनवर मेकॅनिकला तोंडाने आवाज काढून दाखवण्यात तर काही अर्थच नाही. वेळ मात्र कुणी बघितली तरी तीच निघते. चावी ऑन केल्यावर पण सेल्फ मारायच्या आधी? सेल्फ फिरत असताना? इंजिन चालू झाल्यावर पहिल्या दोन-चार सेकंदांत? की त्यानंतर गाडी गरम होईपर्यंत? एवढं पक्कं केलं की निम्मी कारणं तिथंच गळतात.

रेकॉर्डिंग आधी, पाना नंतर

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी एसी, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद. एक व्हिडिओ ड्रायव्हर सीटवरून, डॅशबोर्डचे दिवे आणि आरपीएमचा काटा दिसेल असा. दुसरा, दुसऱ्या दिवशी, बॉनेट उघडून समोरून. दोन्ही एकाच सकाळी करायला जाऊ नका, कारण दुसऱ्या स्टार्टला इंजिन थंड राहिलेलं नसतं. बॉनेट उघडं असताना ओढणी, सैल बाही, गळ्यातला मफलर बेल्टपासून लांब. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हेही लक्षात असू द्या.

व्हिडिओचा फायदा असा की नंतर शांतपणे ऐकता येतं. आवाजाचा वेग आरपीएमबरोबर वाढतो का, की इंजिनाशी संबंध नसल्यासारखा आपल्याच चालीने चालतो? वेग वाढत असेल तर आवाज फिरत्या भागाचा. नसेल तर पत्रा, ब्लोअर, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) असलं काहीतरी.

हे आवाज आजार नाहीत

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद येणारी बारीक गुणगुण म्हणजे पेट्रोलचा पंप, तो लाइनीत दाब भरतोय. थंड इंजिन पहिला मिनिटभर १२०० ते १५०० आरपीएमवर मोठ्याने चालतं, तेही ठरवूनच. एसी लावल्यावर 'टक्' वाजतो तो कंप्रेसरचा क्लच. गाडी बंद केल्यावर खालून टिक टिक येत राहते ती सायलेन्सर थंड होण्याची.

आणि ब्लोअर. इंजिनाचा आवाज म्हणून आणलेल्या तक्रारींत हा हमखास असतो. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुलिंबाखाली उभी असेल तर वायपरच्या खालच्या जाळीतून बारीक पानं आत जातात आणि ब्लोअरच्या पंख्यात अडकून टरटर वाजतात. ब्लोअर ऑन ठेवूनच गाडी बंद करायची सवय असेल, तर पुढच्या वेळी चावी फिरवली की तोही फिरतो आणि आपण म्हणतो इंजिन वाजलं. ब्लोअर शून्यावर नेऊन बघा. आवाज थांबला तर केबिन फिल्टर काढून पानं साफ करायची, विषय संपला. जाता जाता एक: पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं उबेला बॉनेटखाली शिरतात. स्टार्ट करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.

टकटकटकटक, नाहीतर एकच ठक

सेल्फ मारला, इंजिन फिरलं नाही आणि टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर बहुतेक वेळा सेल्फ निर्दोष असतो. चावी फिरवल्यावर सेल्फवरच्या सोलेनॉइडला करंट मिळतो, तो आतला प्लंजर ओढतो आणि मोटरचा मोठा सर्किट जोडतो. पेट्रोल गाडीचा सेल्फ त्या क्षणी शंभर-दोनशे अँपिअर खेचतो, डिझेलचा त्याहून जास्त. बॅटरी दुबळी असेल किंवा टर्मिनल सैल असेल तर व्होल्टेज धाडकन पडतं, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत चढतं, सोलेनॉइड परत ओढला जातो. हा खेळ सेकंदात कितीतरी वेळा होतो आणि तीच टकटक आपल्याला ऐकू येते. पुश बटणाच्या गाड्यांत तीच डॅशबोर्डमागच्या रिलेमधून येते आणि मीटरचे दिवे लुकलुकतात.

मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. म्हातारी बॅटरी उभ्याउभ्या १२.५ दाखवते आणि भार पडला की बसते. खरी परीक्षा सेल्फ फिरत असताना. कुणालातरी चावी फिरवायला सांगा आणि बॅटरीच्या दोन खुंट्यांवर प्रोब धरा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून परत तपासा. तरीही तेच आलं तर ती बदलायची वेळ झाली. चालू गाडीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो म्हणून आकडा थोडा हलता असतो, पण इंजिन चालू असूनही तो १२.६ च्या खालीच घुटमळत असेल तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. अशा वेळी नवी बॅटरी घातली तर तीही चार दिवसांत बसेल.

आपल्याकडे बॅटरी मारतो उन्हाळा. विदर्भातल्या ४५ अंशांत आतल्या प्लेटा झिजतात, पण गरम हवेत ती कशीबशी काम चालवून नेते. डिसेंबरात पारा उतरला, ऑइल घट्ट झालं, सेल्फला जास्त जोर लागला की मग ती हात टेकते. त्यामुळे 'थंडीने बॅटरी गेली' हे निम्मंच खरं.

बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल उघडून बघाच. खुंटीभोवती पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, ती दिसते म्हणून साफ होते. न दिसणारा थर क्लॅम्पच्या आतल्या बाजूला, खुंटीला चिकटून असतो, काळपट आणि गुळगुळीत. आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, निगेटिव्ह शेवटी. कारण गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला आहे. पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना तापून लाल होऊ शकतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, सँडपेपरने खुंटी आणि क्लॅम्प आतून चकचकीत करा, आवळा, वरून व्हॅसलीन. आवळल्यावर क्लॅम्प हाताने जरासुद्धा फिरता कामा नये.

आता एकच 'ठक' येऊन पुढे शांतता असेल तर. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी किंवा जोडणी. दिवे तसेच लख्ख राहिले तर करंट सेल्फमध्ये शिरतच नाहीये. म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट झिजलेत, सेल्फचे कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) संपलेत, किंवा अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी आणि इंजिनापर्यंतची जोडणी, खराब आहे. कुणी चावी फिरवत असताना व्हीलपान्याने सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकलं आणि गाडी चालू झाली तर कार्बनवर संशय धरा. हा उपाय गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता. काही जपानी बनावटीच्या सेल्फमध्ये सोलेनॉइडमधले तांब्याचे दोन छोटे कॉन्टॅक्ट वेगळे मिळतात. ते बदलून जुना सेल्फ पुन्हा कित्येक वर्षं चालतो. 'सेल्फ गेला, नवा घाला' असं कुणी म्हटलं तर आधी एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून खोलून घ्या.

अर्थिंग ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. निफाडकडे राहणाऱ्या आमच्या मामांची डिझेल हॅचबॅक हिवाळा आला की सकाळी एकदा 'ठक' करून गप्प बसायची. दुपारी मात्र पहिल्या झटक्यात चालू. बॅटरी नवी होती, सेल्फ रिपेअर करून झाला होता. मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारला. तिथं जवळजवळ शून्य दिसायला हवं, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. दिसले १.४. बॉडीवरून इंजिनाला जाणारी विणलेली पट्टी वरून धड दिसत होती, पण टोकाची लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) काढली तर आतून हिरवी भुकटी गळली. पट्टी बदलली, प्रश्न मिटला. मामा ती जुनी पट्टी हातात फिरवत एवढंच म्हणाले, "एवढ्याशा फडक्यासाठी सेल्फ खोलला होय रे?"

दुपारी का चालायची? दोनशे अँपिअर जात असतील तर सात मिलिओहमचा अडथळाही १.४ व्होल्ट गिळतो. सकाळी ऑइल घट्ट, सेल्फला करंट जास्त लागतो, त्यामुळे अडथळ्यावरची पडझडही जास्त. उन्हं चढली की करंट कमी, पडझड कमी, गाडी कशीबशी उचलते. म्हणून 'फक्त सकाळी' हे वाक्य ऐकलं की बॅटरीइतकाच जोडण्यांवरही संशय घ्यावा.

सेल्फ फिरतो, पण...

सेल्फ 'वीईईई' करत हवेतच फिरतो आणि इंजिन हलतच नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणारा दातेरी भाग, स्लिप होतोय. तो वेगळा मिळतो, बदलता येतो.

सेल्फ मारताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखी कर्रर्र येत असेल तर एक तर बेंडिक्सचा पिनियन (छोटं दातेरी चाक) झिजलाय किंवा तो जिच्यात अडकतो त्या इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. दोन्हींत खर्चाचा फरक मोठा आहे, म्हणून ही चाचणी करून घ्या. चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना वाटेल त्या जागी थांबत नाही. कॉम्प्रेशनमुळे ते ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळे रिंगचे दातही त्याच जागी झिजतात. कर्रर्र आली की इग्निशन बंद करा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, हातभर पुढे ढकला, न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ मारा. आता स्वच्छ उचलली तर गुन्हेगार रिंग. दर वेळी, कुठल्याही जागी कर्रर्र येत असेल तर आधी सेल्फ उतरवून पिनियन बघा. रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरलाच आहे तर क्लच प्लेटची जाडी बघून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी परत.

इंजिन चालू झाल्यावरही सेल्फची घरघर थांबत नसेल तर सोलेनॉइड किंवा रिले चिकटलाय. इंजिन बंद करा. तरी सेल्फ फिरतच असेल तर लगेच निगेटिव्ह टर्मिनल काढा, वायर जळायला वेळ लागत नाही.

आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावं. हे बहुतेक सगळ्यांना माहीत असतं आणि ऑफिसला उशीर झालेला असला की कुणी पाळत नाही.

पहिल्या दोन सेकंदांची खर्रर्र

हा आवाज लोक सगळ्यात जास्त कानाआड करतात, आणि पुढे सगळ्यात महाग पडतो तोही हाच. रात्रभर उभी गाडी, पहिला स्टार्ट, बेल्ट असतात त्या बाजूने पत्र्याच्या डब्यात नाणी हलवल्यासारखा आवाज, एक-दोन सेकंद, मग शांत. दिवसभर परत नाही. हे बहुधा टायमिंग चेनचं काम, म्हणजे पिस्टन फिरवणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात ठेवणाऱ्या साखळीचं.

तुमच्या इंजिनात चेन आहे की बेल्ट हे आधी माहीत हवं. मारुती ८०० मध्ये टायमिंग बेल्ट होता, नंतरच्या के-सिरीजमध्ये चेन आली. जुन्या सँट्रोमध्ये बेल्ट, ह्युंदाईच्याच कप्पा इंजिनात चेन. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल, जे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत किती गाड्यांत बसलं, तेही चेनवर चालतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर काम करतो. रात्री ऑइल खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या टाकीत) उतरतं. सकाळी पंप फिरून दाब टेन्शनरपर्यंत पोचायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सैल चेन तिच्या बाजूच्या गाइडच्या पट्टीवर आपटते.

गाडी आठवडाभर उभी होती आणि एखाद्या वेळी सेकंदभर वाजली तर घाबरायचं काही नाही. रोज वाजायला लागली, आणि एकाचे दोन, दोनाचे चार सेकंद होत गेले, तर मात्र थांबू नका. आधी डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं झाल्यावर. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर कारण तुमच्या हातात आहे. मग ऑइल फिल्टर. बहुतेक कॅनिस्टर फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते. ती ऑइल परत खाली उतरू देत नाही. बाजारात हुबेहूब डब्यात मिळणाऱ्या नकली फिल्टरमध्ये ती झडप कडक निघते किंवा नीट बसत नाही. इंजिनाच्या रचनेतच फिल्टरची जागा आडवी किंवा उलटी असेल तर असा फिल्टर रात्रीत रिकामा होतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेली खर्रर्र असेल तर पहिला संशय इथंच. तिसरं, ऑइलचा ग्रेड. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या इंजिनात 'गाडी जुनी झाली, आता जाड टाका' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतायची पद्धत आहे. दुपारी त्याने इंजिन गुळगुळीत वाटतं, पण सकाळी तेच ऑइल वर चढायला जास्त वेळ घेतं आणि चेन तेवढा जास्त वेळ कोरडी वाजते.

पेट्रोल गाडीवर एक चाचणी घरीच होते. सकाळी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, चार-पाच सेकंद सेल्फ मारा, इंजिन चालू होणार नाही पण ऑइलचा पंप फिरेल. एखाद वेळी लाइनीतल्या उरलेल्या पेट्रोलवर इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडेल. तसं झालं तर ती सकाळ गेली, दुसऱ्या दिवशी परत करा. मग फ्यूज लावून स्टार्ट करा. खर्रर्र आली नाही किंवा बरीच कमी झाली तर प्रकरण ऑइलच्या दाबाचं: फिल्टर, ग्रेड, टेन्शनर. आली तशीच आली तर चेन लांबली आहे, गाइड झिजलेत, किंवा व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या) पुलीतली लॉक पिन नीट बसत नाहीये. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला असेल तर क्रँक आणि कॅमचं गणित जुळत नाहीये एवढं नक्की. चेन दात सोडून सरकली तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्या खर्चापुढे चेन किट स्वस्त.

आवाज असेपर्यंत रेस देऊ नका. थंड इंजिनाला दोनदा रेस दिली की मोकळं होतं, ही समजूत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आज तिचा उपयोग चेन लवकर मारण्यापुरताच.

बेल्टची किंकाळी

गाडी चालू झाली आणि पाठोपाठ 'कुईईई', पावसाळ्यात जास्त. सेल्फने बॅटरीतून उपसलेला करंट अल्टरनेटर लगेच भरून काढायला जातो, त्याची पुली जड होते आणि सैल बेल्ट तिच्यावरून घसरतो. हेडलाइट, एसी लावल्यावर किंवा हायड्रॉलिक स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज वाढला तर शंकाच नको.

चालू इंजिनावर बेल्टच्या रेषांच्या बाजूला लांबून, बाटलीने थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज आणखी वाढला तर ताण कमी आहे. नवे बेल्ट पूर्वीच्यासारखे चिरा पडून इशारा देत नाहीत, नुसते झिजतात, त्यामुळे वरून धड दिसणाऱ्या बेल्टवर विश्वास नको. बेल्टवर मारायचे स्प्रे, पावडर, साबणाची वडी, सगळं फालतू. चार दिवस शांतता आणि नंतर बेल्टवर चिकट धूळ.

चीं नव्हे तर जाड घर्रर्र असेल तर टेन्शनर, आयडलर किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या भागाच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावायची जुनी पद्धत अजूनही उत्तम चालते. वाईट बेअरिंग थेट कानात दळतं. अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच बाजूला पकडणारी असते. ती गेली तर स्टार्ट आणि बंद करताना खडखड येते.

बाकीचे, भराभर

डिझेल सकाळी ठकठक जास्तच करतं, कारण थंड हवेत डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो आणि मग एकदम पेटतं. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा (केबिनचा नव्हे, इंजिनातल्या हीटर प्लगचा) विझू द्या, मगच सेल्फ मारा. तरी पांढरा धूर आणि मिसिंग असेल तर हीटर प्लग तपासा.

थंडपणी टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब: टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट. गॅस्केटची टिकटिक जरा 'फुसफुस' अंगाची असते आणि लीकच्या जागी काळा डाग दिसतो.

झणझण, ठरावीक आरपीएमलाच: सायलेन्सरवरचा हीट शील्डचा पत्रा. गाडी थंड असताना हाताने वाजवून बघा. मोठा स्टीलचा होज क्लिप लावून आवळला की गप्प.

चालू-बंद करताना 'धप्प' आणि सगळी गाडी हलते: इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंट. रबर फाटलेलं असतं.

न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, क्लच सोडल्यावर येणारा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, म्हणून हा आवाज स्टार्टिंगचा वाटतो.

सीएनजी गाडीत स्टार्टला 'फाट्' वाजून एअर फिल्टरचा डबा उघडला तर प्लग, कॉइल आणि गॅसचं मिश्रण बघा. कंपनी फिटेड गाड्या साधारणपणे पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. कायम रिझर्व्हवर ठेवलेल्या टाकीत पेट्रोल पंप कोरडा गुणगुणतो आणि मग तोच आधी जातो.

इथं सेल्फ मारू नका

दोन आवाजांना घरचे प्रयोग नाहीत. एक, खालून येणारा जड 'ठोक ठोक', रेसबरोबर वाढणारा, सोबत ऑइलचा लाल दिवा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. बंद करा, टो करा, 'गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे' म्हणून चालवत नेऊ नका.

दुसरा, साचलेल्या पाण्यातून गेल्यावर किंवा पार्किंगमध्ये पाणी शिरल्यावर सेल्फ मारताच आलेला एक 'थड्' आणि जागीच थांबलेलं इंजिन. सिलेंडरमध्ये पाणी आहे. पाणी दाबलं जात नाही, पुढच्या सेल्फला रॉड वाकतो. एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. साध्या विमा पॉलिसीत सेल्फ मारून झालेलं हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. पावसाळ्याआधी पॉलिसी काढून बघा.

गॅरेजात काय सांगायचं

'गाडी आवाज करते' एवढं सांगू नका. 'आठ तास उभी राहिल्यावर, फक्त पहिल्या स्टार्टला, सेल्फ सुटल्यावर तीन सेकंद, बेल्टच्या बाजूने' असं सांगा, व्हिडिओ दाखवा, व्होल्टेजचे आकडे द्या. आणि गाडी संध्याकाळीच सोडून या. "रात्रभर इथंच राहू दे, सकाळी तुम्ही स्वतः पहिला सेल्फ मारा, त्याआधी कुणी हलवायची नाही," असं स्पष्ट बोलून ठेवा. नाहीतर पोरगा सकाळी सातला गाडी बाहेर काढून ठेवतो आणि मुख्य मेकॅनिक येईपर्यंत ती गरम. बदललेला जुना पार्ट मागून घ्यायला संकोच करू नका. झिजलेला पिनियन किंवा काळी पडलेली लग दिसलीच पाहिजे.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना हेच उलटं वापरा. विकणारा बहुधा तुम्ही यायच्या आधी गाडी फिरवून आणतो, कधी सवयीने, कधी मुद्दाम. पोचल्यावर गप्पांच्या नादात बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कागदपत्रं बघून घ्या आणि गाडीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा, "मी येईपर्यंत चालू करू नका" असं सांगूनच.